सगळी बोटं एकदम का उचलता?

रायपूरच्या पोस्टिंगवर रुजू झालो आणि दुसऱ्याच महिन्यात बीरगांवला जाणं झालं. आमच्या पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब तिथे राहतात. मूळचे गोंदियाकडचे. निवृत्तीनंतर उरला औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागले आणि इथलेच झाले. ज्यांनी बीरगांव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: रायपूरला चिकटलेली कामगारांची वस्ती, आसपास रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्या, गच्चीवर वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळी राखाडी होऊन खाली येतो. सुभेदार साहेबांच्या घरी मात्र तर्रीपोहे अस्सल वऱ्हाडी मिळतात, त्यामुळे मी बोलावण्याची वाट पाहत नाही.

त्या दिवशी पोहे खाताना कपाटाच्या वर चादरीत गुंडाळलेली एक वस्तू दिसली. आकारावरून ओळखली. "गिटार कोणाची?" असं विचारल्यावर घरात एकदम शांतता.

गिटार धाकट्याची. पोरगा विशीतला, आयटीआयचा फिटर. दोन वर्षांपूर्वी कामावर लोखंडी प्लेटखाली डाव्या हाताची अनामिका सापडली. बोट वाचलं, पण टोकाचा सांधा आता वाकत नाही आणि शेंड्याला संवेदना नाही. त्याआधी तो आठ महिने शहरातल्या एका क्लासला जात होता. जखम भरल्यावर परत गेला, तेव्हा शिक्षकांनी हात पाहून सांगितलं की तीन बोटांत कॉर्ड होत नाही, तू कीबोर्ड घे. त्याने कीबोर्ड घेतला नाही. गिटार चादरीत गेली.

"साहेब, मी त्याला बोलून ऱ्हायलो का सोडून दे तो नाद," सुभेदार साहेब म्हणाले, "तरी रात्री उठून चादर सोडते अन् पुन्हा बांधते."

हा लेख त्या शिक्षकांविरुद्ध नाही. ते जे बोलले ते त्यांना शिकवलं गेलं तसंच बोलले. माझं भांडण त्या शिकवण्याशी आहे आणि ते जुनं आहे.

खडकवासल्याला असताना आमच्या स्क्वाड्रनमध्ये एक गिटार होती. एका सीनियरने मला कॉर्ड शिकवले, म्हणजे काय केलं, तर कागदावर सहा उभ्या रेघा काढून त्यावर काळे ठिपके दिले. हा सी, हा ए मायनर, हा जी. ठिपक्यांवर बोटं ठेव, वाजव, उचल, पुढच्या ठिपक्यांवर ठेव. जमत नसेल तर आणखी कर. बोटं सोलली तर चांगलंच आहे, घट्टे पडतील. कॅडेटला यापेक्षा ओळखीचं काय असणार? मी दोन टर्म घासलं. दर कॉर्डच्या मध्ये एक खड्डा पडायचा आणि गाणारे मित्र त्या खड्ड्यापाशी थांबून माझ्याकडे पाहायचे. मी निष्कर्ष काढला की आपली बोटं मंद आहेत. पुढची पंधरा वर्षं गिटारला हात लावला नाही.

माझा आक्षेप या ठिपक्यांच्या कागदावर आहे. कॉर्डचा तक्ता म्हणजे फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले तरी माणूस एका जागेवरून दुसरीकडे कसा गेला ते त्यात दिसत नाही. आणि गिटार वाजवण्यातली सगळी अडचण त्या जाण्यातच आहे. एकेक कॉर्ड धरणं आठवड्यात येतं. पुढच्या कॉर्डवर ताल न मोडता जाणं पाच वर्षांत न आलेले लोक मी मेसच्या प्रत्येक बाराखान्यात पाहिले आहेत. त्यांना सगळ्यांना एकच औषध दिलेलं असतं: वेग वाढवा. घड्याळ लावा, मिनिटात किती वेळा सी-जी, सी-जी होतं ते मोजा. चुकीच्या हालचालीचा वेग वाढवून ती बरोबर होईल, ही कल्पना मला फायरिंग रेंजवर कोणी ऐकवली असती तर मी त्याची रायफल काढून घेतली असती.

मला हे उमगलं ते एका फिल्ड पोस्टिंगवर, आमच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या हवालदारामुळे. तो पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमधून शिकून आलेला. ही संस्था 1950 मध्ये जनरल करिअप्पांच्या काळात उभी राहिली, आणि आपल्या फौजेतले बँडवाले तिथे स्वरलिपी आणि हार्मनी पद्धतशीर शिकतात, हे खुद्द फौजेतल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना माहीत नसतं. बर्फामुळे रस्ता बंद होता, कोणाची तरी गिटार बंकरमध्ये होती आणि मी जुने ठिपके आठवून सी-ए मायनर करत होतो. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग हिंदीतून जे म्हणाला त्याचा अर्थ असा: साहेब, पोस्ट बदलायची असते तेव्हा तुम्ही सगळी माणसं एकदम खाली उतरवता का?

नाही उतरवत. रिलीफ येतो तेव्हा जुन्या तुकडीतले काही जण थांबतात, नवे त्यांच्या शेजारी उभे राहतात, मग उरलेले निघतात. पोस्ट एक क्षणही रिकामी राहत नाही. "मग बोटं का उतरवता?"

त्याने मला जे सांगितलं ते मी इथे आपल्या सरगममध्ये मांडतो, कारण मराठी वाचकाला ते इंग्रजी अक्षरांपेक्षा लवकर कळेल. सी हा सा धरा. मग सी कॉर्ड म्हणजे सा, ग, प. ए मायनर म्हणजे ध, सा, ग. एफ म्हणजे म, ध, सा. जी म्हणजे प, नी, रे. डी मायनर म्हणजे रे, म, ध. आता एकाखाली एक लिहा आणि पेन्सिलीने सारखे स्वर जोडा. सी आणि ए मायनरमध्ये सा आणि ग दोन्ही सामाईक. सी आणि एफमध्ये सा. सी आणि जीमध्ये प. डी मायनर आणि एफमध्ये म आणि ध. ज्या कॉर्डचे मूळ स्वर एक सोडून एक आहेत त्यांच्यात दोन स्वर सारखे. चौथ्या-पाचव्या स्वरावर असतील तर एक. अगदी शेजारी असतील, जसे एफ आणि जी, तर एकही नाही. झालं, एवढंच. याला थिअरी म्हणून घाबरवण्यात कोणाचा फायदा आहे मला माहीत नाही.

आता हे गिटारवर पाहा. सी धरताना तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ए मायनरला तर्जनी तिथेच. मधलं बोट तिथेच. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून उठून तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला येते. तर्जनीखाली सा वाजतोय, मधल्या बोटाखाली ग वाजतोय, आणि दोन्ही कॉर्डना तेच हवेत. मी दोन टर्म तिन्ही बोटं हवेत उचलून परत त्याच दोन जागा शोधत होतो! जी जागा सोडलीच नाही ती शोधावी लागत नाही, हे मला एकोणिसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर आज मी जरा बरा वाजवत असतो.

आणि तो बदनाम एफ. क्लासमध्ये एफचं नाव निघालं की पोरं गळतात. एका बोटाने सहाही तारा दाबायच्या, मनगट दुखणार, सहा महिने लागणार, असं आधीच सांगून ठेवलेलं असतं, जणू एफ म्हणजे कमांडो कोर्स. सीवरून एफवर जाताना काय होतं ते कोणी दाखवत नाही. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आहे, ती तिथेच राहते. तिच्याखाली सा आहे आणि एफला सा लागतो. तर्जनी पहिल्याच फ्रेटवर आहे, ती फक्त आडवी झोपते. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर सरकतं आणि करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला उतरते. म्हणजे अर्धा एफ सीमध्येच उभा होता. ताकद लागते, मान्य आहे. पण अंधारात उडी मारायची नसते.

आपल्या कानाला हे परकं आहे असंही कोणी सांगू नये. "हार्मनी पाश्चात्त्यांची, आपलं संगीत एका सुराचं" हे वाक्य मी पुण्यातल्या बैठकींत फार ऐकलं आहे. अहो, तानपुऱ्यावर सा आणि प तासभर अचल असतात आणि वरचा राग त्यांच्या नात्याने रंग बदलतो, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? फौजेतल्या वाचकांना दुसरं उदाहरण देतो. पाइप बँडमध्ये पाइपरच्या खांद्यावर जे तीन दांडे असतात ते ड्रोन, एकच स्वर धरून बसलेले. परेडवर आपण सगळे त्या न हलणाऱ्या स्वरावर चाललो आहोत. सामाईक स्वर म्हणजे त्याचाच लहान भाऊ: कायमचा नाही, पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर पोचेपर्यंत तरी जागा न सोडणारा.

गोव्याच्या लोकांना हे सांगायची गरजच नव्हती. तिथल्या पॅरिश शाळांमधून मुलं स्वरलिपी वाचायला शिकली आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा, ही ती माणसं. जुनी गाणी पुन्हा लक्ष देऊन ऐका. व्हायोलिन एका लांब स्वरावर थांबलेली असतात आणि खालून कॉर्ड बदलून जातो. आपल्याला ते गोड वाटतं, का गोड वाटतं ते विचारत नाही. गोन्साल्विसांचं नाव 1977 च्या "अमर अकबर अँथनी"मधल्या गाण्यामुळे घरोघरी गेलं, काम मात्र पडद्यामागेच राहिलं. हे थोडं विषयांतर झालं, पण होऊ दे.

परत बीरगांव. मी पोराला चादर सोडायला लावली. तारा गंजलेल्या, चौथी तार तुटलेली. त्या दिवशी काही झालं नाही. पुढच्या रविवारी तारा घेऊन गेलो.

त्याला जे म्हणालो ते त्याच्या शिक्षकांच्या वाक्याचं उत्तर होतं: तीन बोटांत कॉर्ड होतो. वाकत नाही ती अनामिका बाजूला ठेव. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी. सी धरला, अनामिकेच्या जागी करंगळी. मग मी म्हणालो, आता करंगळी उचल, बाकी हलू नको, आणि पाचवी तार मोकळी सोडून वाजव. त्याने वाजवलं. "हा कोणता?" ए मायनर सेव्हन. ध, सा, ग, प. सीचे तिन्ही स्वर याच्या आत आहेत. एक बोट उचललं आणि कॉर्ड बदलला, खाली ठेवायचं काहीच नव्हतं.

मग एफ मेजर सेव्हन: म, ध, सा, ग. तर्जनी जागेवरच, मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर, करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत. मग डी मायनर: आता मधलं बोट तिसऱ्या तारेवर तसंच, त्याखाली ध आहे, तर्जनी पहिल्या तारेवर, करंगळी दुसरीवर. मग जी सेव्हन: प, नी, रे, म. तर्जनी पहिल्या तारेवर म धरून बसलेली आहे, तिला तशीच राहू द्या, बाकी दोघं जाड तारांकडे जातात. इथे करंगळीला ताण पडतो, खोटं सांगत नाही. शेवटी परत सी. इथे तिन्ही बोटं हलतात, पण सामाईक प मोकळ्या तिसऱ्या तारेवर आहे, त्याला बोटच लागत नाही, तो वाजतच राहतो.

फौजी माणूस असल्यामुळे मी हिशोब केला. या पाच बदलांत प्रत्येक वेळी सगळी बोटं उचलून पुन्हा ठेवली तर चौदा वेळा बोट नव्याने टेकवावं लागतं. सामाईक स्वर सांभाळले तर नऊ वेळा. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की पहिल्या चार बदलांत हात गिटारच्या गळ्यावरून पूर्ण सुटत नाही. एक बोट तरी खाली असतं आणि बाकीच्यांना त्याच्यावरून अंतर कळतं. डोंगर चढताना शिकवतात ना, तीन ठिकाणी आधार आणि एक हलतं, तसंच.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो एका कोर्समेटने फोनवर घेतला: ही पळवाट आहे, ए मायनरऐवजी ए मायनर सेव्हन वाजवणं म्हणजे फसवणूक. त्यात थोडं तथ्य आहे. गाणं ए मायनरवर येऊन विसावत असेल तर तो वरचा प तिथे सैल वाटतो, तिथे पूर्ण ए मायनरच हवा. तो धरायलाही मार्ग आहे: मधलं बोट थोडं आडवं करून तिसरी आणि चौथी तार एकत्र दाबायची. पण जिथे कॉर्ड नुसता वाटेत आहे, दोन घरांमधला उंबरा आहे, तिथे सेव्हन पुष्कळदा जास्त चांगला लागतो. कानाने ठरवावं. "पुस्तकात हाच ठिपका आहे" हे कानाचं उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: सगळीकडे सामाईक बोट सापडत नाही. बरोबर. एफवरून जीवर जाताना म-ध-सा आणि प-नी-रे, काही जुळत नाही, तिथे उचलावंच लागतं. ठेक्यासाठी मुद्दाम तारा बंद करायच्या असतील तरी उचलावं लागतं. आणि थांबलेलं बोट फार आवळून धरलं तर शेजारची तार मुकी होते, तर्जनीला गोळा येतो. म्हणून मी सगळी बोटं कधीच उचलू नका असं म्हणत नाही. आधी पाहा, मग उचला, एवढं म्हणतो. कवायतीवर माझा राग नाही, आयुष्य कवायतीवर काढलं आहे. परेड ग्राउंडवर "कदम बदल" शिकवतात तेव्हा उस्ताद आधी हळूहळू दाखवतो, कोणता पाय कुठे राहतो, कोणता त्याच्या टाचेशी येतो. ते पायात बसल्यावर मग वेग. गिटारच्या क्लासने निदान एवढी तरी फौज व्हावं.

सरावही मी तसाच देतो. उजवा हात मांडीवर. आवाज नाही. डाव्या हाताने दोन कॉर्डमध्ये जा-ये करायची आणि नजर फक्त थांबलेल्या बोटावर ठेवायची, हलणाऱ्यांकडे बघायचं नाही. ते बोट फ्रेटवरून उठलं की पुन्हा पहिल्यापासून. पोराने विचारलं, "सर, किती वेळ?" मी म्हणालो, दोन गाड्या जाईपर्यंत. रेल्वेचा आवाज त्याच्या खोलीत येतो.

त्याला टोनी आयोमीची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचा चेहरा बदलला, म्हणून इथेही लिहितो. इंग्लंडातलं बर्मिंगहॅम, लोखंडाच्या कामाचंच शहर. सतरा वर्षांचा पोरगा पत्रे कापायच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे नेले. हा डावखुरा, म्हणजे कॉर्ड धरायचा हातच गेला. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगोच्या राहत्या गाडीला 1928 मध्ये आग लागली, डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो युरोपातला सर्वांत मोठा जॅझ गिटारवादक झाला. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा सैल केल्या आणि पुढे ब्लॅक सॅबथ उभं केलं. मला स्वतःला ते संगीत दहा मिनिटांपलीकडे ऐकवत नाही, पण तो प्रश्न वेगळा. त्या फोरमनचं नाव मला सुभेदार साहेबांइतकंच आदराने घ्यावंसं वाटतं. त्याने पोराला कीबोर्ड घे म्हणून सांगितलं नाही.

रागाचं कारण तेच आहे. गिटार सोडलेल्यांत आळशी असतात, मान्य. पण माझ्यासारखे कित्येक असे आहेत ज्यांनी दिलेला हुकूम इमानाने पाळला, बोटं सोलून घेतली, आणि हुकूमच चुकीचा होता. ते स्वतःला मंद समजून घरी गेले. बीरगांवच्या पोराने तर दोष आपल्या चेचलेल्या बोटाला दिला, आणि ते बोट त्याच्या हातावर रोज समोर आहे. शिकवणाऱ्याने पेन्सिल घेऊन पाच कॉर्ड एकाखाली एक लिहिले असते तर दहा मिनिटांचं काम होतं.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा तो ड्यूटीवरून नुकताच आला होता, हात घासलेटने पुसलेले. भिंतीवर शाळेच्या वहीचं पान चिकटवलं होतं. त्यावर ठिपके नव्हते. सा ग प, ध सा ग प, म ध सा ग, रे म ध, प नी रे म, आणि मधे लाल पेनाच्या रेघा. चार बदल स्वच्छ झाले. जी सेव्हनवर करंगळी घसरली, तो चिडला, पुन्हा केलं, पुन्हा घसरली. मी म्हणालो करंगळीकडे बघू नको, तर्जनी हलली का? नाही हलली. मग ठीक आहे, पुन्हा कर.

आतून सुभेदार साहेबांचा आवाज आला, "साहेब, याची उद्या पहिली शिफ्ट आहे, झोपू द्या आता त्याला." पोरगा म्हणाला, "बाबा, एक गाडी जाऊ द्या."